सॉल्व्हंट एरियातला कॅमेरा मेगापिक्सेल बघून निवडत नाहीत

मा. संपादक,
स. न.

औषध कारखान्यांतल्या कॅमेऱ्यांवरचा कालचा अर्ध्या पानाचा लेख वाचून गप्प बसणार होतो. पण आज सकाळी आमच्या कॉलनीतल्या एका तरुणाने त्याचंच कात्रण आणून दिलं, "काका, चांगली माहिती आहे बघा." हा मुलगा एका बल्क ड्रग कंपनीच्या परचेसमध्ये आहे. उद्या कॅमेऱ्यांची ऑर्डर त्याच्याच टेबलावरून जाईल. म्हणून लिहितो आहे.

लेखात मेगापिक्सेल आहेत, रात्रीचं चित्रण आहे, एसटीक्यूसी या सरकारी तपासणी यंत्रणेचा शिक्का आहे, आयपी-66 आहे, किमती तर आहेतच. झोन, म्हणजे पेटणारी वाफ कुठे किती असू शकते त्यावरून पाडलेले कारखान्याचे भाग, हा शब्द एकदाही नाही. एप्रिल 2025 पासून सक्तीची झालेली एसटीक्यूसीची तपासणी कॅमेऱ्यातली माहिती बाहेर फुटू नये यासाठी आहे. आयपी-66 म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणार नाही, एवढंच. टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटच्या, म्हणजे औषध बनवताना वापरल्या जाणाऱ्या पेटत्या द्रवाच्या, वाफेशी या दोन्हींचा काही संबंध नाही. टोल्युइन सुमारे 4 अंशांनाच पेटण्याजोगी वाफ सोडू लागतं. बोईसरला ऐन थंडीतही पारा तिथवर उतरत नाही. आणि ती वाफ पेटायला एका मिलीज्यूलचा जेमतेम चौथा हिस्सा पुरतो.

मी तारापूर एमआयडीसीत उभं आयुष्य इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समध्ये काढलं. एका कंपनीत सॉल्व्हंट एरियात कॅमेरे बसवायचं ठरलं आणि काम मिळालं ऑफिसातले कॅमेरे बसवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला. कॅमेरा खरोखर एफएलपीच, म्हणजे फ्लेमप्रूफच, आणला होता. ॲल्युमिनियमचं जडशीळ खोकं, सर्टिफिकेट फाइलला लावलेलं. पण केबल आत घेतली होती साध्या पीव्हीसी ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती भोक आवळणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यातून. दुसरं भोक रिकामंच, त्यावर इन्सुलेशन टेप. झाकणाचे दोन बोल्ट गायब. आणि पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून झाकणाच्या सांध्याला चहूबाजूंनी सिलिकॉन फासलेलं.

एफएलपी खोक्यात वाफ शिरतच नाही असं पुष्कळांना वाटतं. वाफ शिरते. आत ठिणगी पडून स्फोट झाला तरी खोकं फुटत नाही आणि जाळ त्या अरुंद सांध्यातून बाहेर येईपर्यंत थंड पडतो, हे त्याचं काम. सांध्याची फट मिलिमीटरच्या अंशात मोजून ठेवलेली असते. बोल्ट काढलात, प्लास्टिकची ग्लँड लावलीत, भोक उघडं ठेवलंत, की जाळाला सरळ वाट मिळते. सांध्यात वाटेल ते सिलिकॉन भरलं की सर्टिफिकेटलाही अर्थ उरत नाही.

हे सगळं मी लॉगबुकात लिहिलं, वर कळवलं. उत्तर आलं, "सर्टिफिकेट आहे ना, मग अडचण काय?" पुढे काचेवर बाष्प धरलं म्हणून त्याच कॉन्ट्रॅक्टरचा एक पोरगा शिडी लावून चढला आणि सप्लाय चालू असताना झाकण उघडून फडक्याने काच पुसू लागला. खाली सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रातून सॉल्व्हंटने ओला केक, म्हणजे मालाचा लगदा, काढणं चालू होतं, दोन ऑपरेटर वाकून काम करत होते. सप्लाय चालू असताना उघडू नये, असं त्या झाकणावरच कोरलेलं होतं. पोराकडे वर्क परमिट नव्हता. आपण कसल्या एरियात उभे आहोत हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी पॅनेलकडे धावलो, सप्लाय पाडला, त्याला खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली ती मला, रेकॉर्डिंग का बंद पडलं म्हणून. त्याचा राग अजून गेलेला नाही.

निवड सुरू होते एरिया क्लासिफिकेशनच्या, म्हणजे कुठला भाग कुठल्या झोनमध्ये ते दाखवणाऱ्या, ड्रॉइंगपासून. रिॲक्टरच्या आत झोन 0 (वाफ कायमचीच), मॅनहोल आणि ड्रम चार्जिंगच्या आसपास बहुधा झोन 1 (वाफ अधूनमधून), त्यापलीकडे झोन 2 (क्वचित). झोन 1 चा एफएलपी कॅमेरा झोन 0 मध्ये चालत नाही. हायड्रोजनेशन, म्हणजे हायड्रोजन वापरून होणारी प्रक्रिया, असेल तर 'टू-सी' या सगळ्यात कडक गटाचाच हवा, कारण हायड्रोजनचा जाळ टोल्युइनपेक्षा कितीतरी बारीक फटीतून निसटतो. टी-4 म्हणजे पृष्ठभाग 135 अंशांच्या वर जाणार नाही, टी-6 म्हणजे 85. प्लेटवर वेगळं लिहिलं नसेल तर हे सगळं बाहेरची हवा 40 अंशांपर्यंत असेल तरच लागू. मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं ते एकदा आत जाऊन बघावं. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरून ग्रॅन्युलेशन, म्हणजे पावडरीचे दाणे करणं, होतं तिथे वाफही असते आणि पावडरही, म्हणून धुळीचं मार्किंगही बघायला हवं. नुसतं परदेशी सर्टिफिकेट बघून थांबू नये, पेसोची, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची, मान्यता तपासावी. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. लेख छापण्याआधी तिथे एक फोन करता आला असता.

माझं विचाराल तर बऱ्याच ठिकाणी झोन 1 मध्ये कॅमेरा बसवूच नये. सुरक्षित बाजूला, पक्क्या बंद काचेच्या खिडकीमागे चांगल्या झूमचा कॅमेरा लावला तर काम भागतं आणि काच पुसायला कुणाला सेंट्रिफ्यूजच्या डोक्यावर चढावं लागत नाही. ते जमत नसेल तर ऑर्डरवर इलेक्ट्रिकलच्या जबाबदार माणसाची सही हवी. सिक्युरिटी किंवा आयटीची सही इथे पुरत नाही. पत्र कापायचं असेल तर माझी हकीकत कापा, पण ग्लँड, बोल्ट आणि सप्लाय बंद करण्याचा मजकूर कालच्याइतक्याच ठळक जागी छापा.

आणखी एक. नोव्हेंबर 2023 मध्ये महाडच्या औषध कारखान्यात 11 जण गेले. 21 ऑगस्ट 2024 ला आंध्रातल्या अच्युतापुरमला सॉल्व्हंट गळून वाफेचा स्फोट झाला, 17 जण गेले. एमआयडीसीत कुठेही आग लागली की तुमच्या बातमीत 'शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज' ठरलेला असतो. शॉर्टसर्किट नेमकं कुठल्या उपकरणात झालं, ते झोनमध्ये होतं का, त्यावर एक्सची, म्हणजे स्फोटरोधक उपकरणाची, प्लेट होती का, हे नंतर कधी वाचायला मिळत नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय चौकशी करतं. त्या चौकशीत काय निघालं, ते तुमच्या वार्ताहराने मागून घ्यावं आणि तुम्ही छापावं.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर, बोईसर