वाद्य अवघड की सोपे, हे कधी विचारता त्यावर ठरते

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘कोणते वाद्य शिकायला किती अवघड’ या मथळ्याखाली छापलेला तक्ता वाचला. प्रत्येक वाद्यापुढे एक ते पाच तारे दिले आहेत. हार्मोनियमला एक, गिटार, बासरी आणि तबला यांना दोन, पियानोला तीन आणि व्हायोलिनला पाच. मी गेली २२ वर्षे मुलांना हार्मोनियम शिकवते आहे आणि वयाच्या ४१व्या वर्षी व्हायोलिन शिकायला बसले, त्यामुळे तक्त्याचे पहिले आणि शेवटचे अशी दोन्ही टोके मला हाताने माहीत आहेत. पुरवणी आली त्याच आठवड्यात दोन पालक कात्रण घेऊन माझ्याकडे आले आणि ‘मुलाला सोपे तेच लावा’ असे म्हणाले, म्हणून हे पत्र लिहिण्याची गरज वाटली. वाद्यांच्या अवघडपणात फरक नाही, असे मला म्हणायचे नाही. परंतु प्रत्येक वाद्य आपली अडचण वेगळ्या वेळी पुढे करते. काही वाद्ये ती उंबरठ्यावरच ठेवतात, काही आपल्याला थेट माजघरापर्यंत येऊ देतात आणि मग दार लावून घेतात. तक्त्यातल्या ताऱ्यांना हा वेळेचा हिशेबच नाही.

व्हायोलिनपासूनच सुरुवात करते. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनच्या तारेची वाजणारी लांबी साधारण ३२८ मिलिमीटर असते आणि बोटे टेकवायच्या पट्टीवर स्वरांच्या जागा दाखवणारे पडदे नसतात. मोकळ्या तारेवरून पुढचा अर्धस्वर (सप्तकाचा बारावा भाग) सुमारे १८ मिलिमीटरवर मिळतो. तीच तार मध्यावर दाबून वरच्या सप्तकात गेलात, की तेवढ्याच स्वरांतराला सुमारे ९ मिलिमीटर पुरतात. सप्तकाचे १२०० भाग केले, ज्यांना ‘सेंट’ म्हणतात, तर खालच्या बाजूला बोट एक मिलिमीटर सरकल्याने सूर सुमारे ५ सेंट हलतो आणि वरच्या बाजूला तेवढ्याच चुकीने १० सेंटच्या आसपास. बोटाच्या पेराची रुंदी लक्षात घेतली, तर एक मिलिमीटर म्हणजे बोट किंचित कलते होणे, इतकेच. आणि हे सारे डाव्या हाताचे झाले. उजव्या हातात गज असतो. तो घोडीला (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याला) समांतर राहावा, त्याचा दाब आणि वेग एकमेकांना धरून असावेत, एवढी एकच गोष्ट साधण्यासाठी मी पहिले चार महिने आरशासमोर उभी राहून नुसत्या मोकळ्या तारा घासत होते. दाब जास्त झाला की गंजलेल्या बिजागरीसारखी करकर, कमी झाला की शीळ. हार्मोनियममुळे माझा कान तयार होता, याचा फायदा होईल असे वाटले होते. झाले उलटेच. सूर चुकला हे कानाला तत्क्षणी कळे, पण किती सरकायचे ते बोटाला कळत नसे, आणि त्या तयार कानाला स्वतःचाच हात सहन होईनासा झाला. कान कच्चा असलेली आठ वर्षांची मुले त्या काळात माझ्यापेक्षा कितीतरी आनंदात वाजवत होती.

म्हणजे व्हायोलिनला पाच तारे दिले ते पहिल्या वर्षापुरते मला मान्य आहेत. मात्र ही अडचण दारातच उभी असते आणि लपून राहत नाही, हा व्हायोलिनचा प्रामाणिकपणा आहे. शिवाय एकदा बोटाला जागा सापडली की मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे), गमक, आंदोलन अशा स्वर वळवण्या-हलवण्याच्या प्रकारांसाठी वेगळी युक्ती शोधावी लागत नाही. पडदे नसल्याने ज्या तारेने इतके छळले, तीच तार मग गळ्यासारखी वळते.

आता एका ताऱ्याचे हार्मोनियम घेऊ. भाता ओढला, पट्टी दाबली की सूर येतो आणि तो बेसूर असणे विद्यार्थ्याच्या हातात नसते. पहिल्याच दिवशी मूल सरगम वाजवून घरी जाते, आई-वडील खूश होतात, आणि ‘सोपे वाद्य’ हा शिक्का बसतो. तीन वर्षांनी काय होते, ते कोणी लिहीत नाही. हार्मोनियमचे स्वर सहसा समविभागी सप्तकात, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून, लावलेले असतात. त्यातला शुद्ध गंधार (ग) षड्जापासून (सा) ४०० सेंटवर असतो, तर तानपुऱ्याशी जुळणारा, कानाला निवांत वाटणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. मधला हा १४ सेंटांचा फरक व्हायोलिनवाला बोट जरासे मागे घेऊन मिटवू शकतो, हार्मोनियमवाल्याला ती सोय नाही. दोन स्वरांच्या मधून जाणारी मींडही इथे नाही. तरीही गायकाच्या मागे वाजवताना त्याची मींड ऐकणाऱ्याला भासवायची असते, आणि ते जमते कण (मुख्य स्वराला लागून येणारा ओझरता स्वर) लावून, पट्टी सोडण्याच्या वेळेवरून आणि भात्यातली हवा नेमकी कुठे कमी करायची याच्या अंदाजावरून. आज काळी एक, उद्या काळी चार, परवा पांढरी पाच, अशी गायकाच्या ‘सा’ची पट्टी बदलली की बोटांची सगळी रचना बदलते. गायक पुढची जागा कुठे घेणार हे त्यालाही ठाऊक नसते. पेटीवाल्याने मात्र क्षणभर मागे राहून त्याच्याबरोबरच पोहोचायचे असते. याच अचल सुरांमुळे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली होती आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. ज्या वाद्याची मर्यादा तीन दशके वादाचा विषय राहिली, त्या मर्यादेत राहून चांगले वाजवणे याला एक तारा देणे मला तरी जमले नसते.

पियानोचेही थोडेफार असेच आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. ८८ पट्ट्यांपैकी कोणतीही दाबली तरी सूर तयारच मिळतो. खरी कसोटी पुढे, दोन हातांनी दोन वेगळ्या ओळी वाचून एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात तेव्हा लागते. एक मुद्दा मात्र तक्त्यात यायला हवा होता. व्हायोलिन मुलांच्या मापाने पाव, अर्धे, पाऊण अशा आकारांत मिळते. पियानोच्या पट्ट्या सहसा मोठ्यांच्याच मापाच्या असतात. एका सप्तकाच्या सात पांढऱ्या पट्ट्या सुमारे १६५ मिलिमीटर जागा घेतात, आणि सप्तकाचे दोन्ही सा एकदम दाबायला लहान हात नुसते ताणले जातात. गिटारमध्ये तीन-चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आले की गाणे वाजवता येते, हे खरेच. मग तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या ‘एफ’ कॉर्डची वेळ येते. बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले नसतात, तारा खणखणण्याऐवजी ठकठक वाजतात, आणि कित्येक गिटारी तिथून भिंतीवरच्या खुंटीला जाऊन लटकतात.

बासरीला दोन तारे कशाच्या आधारे दिले, हे मला उमगले नाही. नळी आणि सहा छिद्रे एवढाच तिचा संसार, म्हणून ती सोपी दिसते. प्रत्यक्षात पहिला सूर निघेपर्यंत कित्येकांचे दिवस जातात. ओठांतून निघालेला हवेचा पातळ झोत फुंकछिद्राच्या पलीकडच्या कडेवर नेमका आपटला तरच नळीतली हवा बोलते. नवशिक्याची हवा इकडेतिकडे वाया जाते, तो जोरजोरात फुंकतो आणि सूर येण्याआधी त्याला चक्कर येते. पाश्चात्त्य फ्लूटला थिओबाल्ड बोम यांनी १८४७ मध्ये दिलेल्या रचनेत प्रत्येक अर्धस्वरासाठी चाव्यांची सोय आहे. बासरीवर कोमल स्वरासाठी छिद्र अर्धे झाकावे लागते, आणि ते ‘अर्धे’ म्हणजे किती, हे प्रत्येक स्वराला वेगळे असते. मोठ्या, खर्जाच्या बासरीत तर बोटांची टोके छिद्रांवर पुरत नाहीत, पेरे टेकवावी लागतात. फुंकवाद्यांत दमाची अडचणही एकसारखी नसते. फ्लूटवाल्याची हवा संपते, तर ओबो या पाश्चात्त्य फुंकवाद्याच्या वादकाची संपतच नाही! त्याच्या दुहेरी पातीच्या फटीतून इतकी थोडी हवा जाते, की श्वास घेण्याआधी आतली शिळी हवा बाहेर टाकायला त्याला जागा शोधावी लागते.

सर्वांत जास्त खटकली ती तबल्यापुढची टीप. ‘यात सुराची गरज नाही, त्यामुळे तुलनेने सोपे’, असे तिथे लिहिले आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलेल्या टिपणाचा विषयच हा होता, की सामान्य ढोलाच्या कातड्याचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर) मूळ स्वराशी विसंवादी असतात, पण आपल्या चर्मवाद्यांवर मध्यभागी चढवलेल्या लेपामुळे ते स्वरसंवादी होतात. तबल्याची शाई, म्हणजे हाच काळा लेप, शोभेसाठी नसते. हातोडीने गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) वर-खाली करून, पुडी (कातडे) चहूबाजूंनी एकाच सुरात आणून तबला गायकाच्या षड्जाला मिळवता येणे, हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि त्याला कान लागतो. ‘ना’ हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली आणि तर्जनीचा आघात चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्ट्यावर) असतो; अनामिका जास्त दाबली तर नाद मरतो, उचलली तर गुंजन पसरते. डग्ग्यावर (जोडीतल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्यावर) मनगटाच्या दाबाने जो घुमारा वर चढतो, तो तर सरळ सरळ स्वरच असतो. तीनतालाच्या १६ मात्रा मोजता येणे म्हणजे तबला येणे नव्हे.

पालकांना उपयोगी पडेल अशी माहिती द्यायची असेल, तर प्रत्येक वाद्याबाबत तीन वेगळ्या गोष्टी सांगाव्यात, असे मी सुचवेन : पहिला बरा सूर निघायला साधारण किती वेळ लागतो, पहिले ओळखीचे गाणे कधी वाजते, आणि शिकणारा नंतर कोणत्या वळणावर अडतो. याखेरीज वाद्य लावण्याची मेहनतही विचारात घ्यावी. सारंगी तक्त्यात नाहीच. तीन मुख्य तारा, त्यांच्याखाली ३५च्या आसपास तरफा (आपोआप निनादणाऱ्या तारा), त्या सगळ्या रागाप्रमाणे लावायच्या, आणि वाजवताना तार बोटाने दाबायची नाही, तर नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेने बाजूने स्पर्श करायचा. व्हायोलिनला पाच तारे देऊन झाल्यावर सारंगीसाठी काही शिल्लक राहिले नसावे.

माझ्याकडे आलेल्या त्या दोन पालकांपैकी एकाच्या मुलाला सारखे टेबल बडवायची सवय आहे. त्याला मी हार्मोनियमला न बसवता तबल्याच्या शिक्षकांकडे पाठवले आहे. वडील तक्ता दाखवून ‘दोन तारे, म्हणजे हेही सोपेच’ असे म्हणत गेले. निदान तबल्यापुढची ती टीप तरी पुढच्या अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक हार्मोनियमशिक्षिका
(नाव प्रसिद्ध करू नये.)