आवाज राहिला नाही म्हणता, म्हणून हे पत्र

ती. आई-बाबा,
सप्रेम सलाम.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "त्या गॉस्पेलच्या जुन्या, खरखरणाऱ्या रेकॉर्डींमध्ये तुला एवढं काय सापडतं? आता किती स्वच्छ रेकॉर्डिंग होतं." मी सांगायला लागले आणि तेवढ्यात नगरची लाइट गेली. त्याआधी जाता जाता बाबा आणखी एक बोलले, की हल्ली उपासनेत पद उचलायला पुढे बसत नाही, आवाज राहिला नाही. आठवडाभर ते माझ्या डोक्यात आहे. मला वाटतं या दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी मिळेल, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, बाबांचा चष्मा बदलेपर्यंत.

ज्याला गॉस्पेल म्हणतात ते भक्तीचं गाणं वाढलं ते मी राहते त्याच शिकागोत, शहराच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये. थॉमस डॉर्सी हा त्यातला मोठा माणूस. जॉर्जियातल्या एका उपदेशकाचा मुलगा. तरुणपणी मा रेनी या गायिकेबरोबर ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचं लौकिक संगीत, वाजवत हिंडला. पुढे तोच ताल, तीच पियानोची लय घेऊन तो भक्तीची गाणी रचायला लागला, तेव्हा अनेक चर्चनी त्याला दारातच अडवलं. हे नाचगाण्याच्या अड्ड्यावरचं संगीत, ते देवाच्या घरात कशाला, असं त्यांचं म्हणणं. 1932 मध्ये तो गाण्यासाठी सेंट लुईसला गेलेला असताना तार आली, की बाळंतपणात बायको गेली. पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून त्याने जे गीत रचलं ते 'टेक माय हँड, प्रेशियस लॉर्ड'. शब्द त्याचे, चाल मात्र एका जुन्या स्तोत्राची. नवीन चाल शोधायचं बळ कुठून आणणार? प्रभू, माझा हात धर, मी थकलोय, एवढंच त्यात मागणं आहे. मार्टिन ल्युथर किंगना हे गीत फार प्रिय. 1968 मध्ये मेम्फिसला गोळी लागण्याच्या काही क्षण आधी त्यांनी त्या संध्याकाळच्या सभेत हेच गीत वाजवायला सांगितलं होतं. त्यांच्या अंत्यविधीला ते महालिया जॅक्सनने गायलं.

महालियाविषयी मी फोनवर नेहमी बोलते. न्यू ऑर्लिन्सला 1911 मध्ये जन्म, कोवळ्या वयात शिकागोत आली, लोकांचे कपडे धुऊन पोट भरलं. डॉर्सी स्वतःच्या गाण्यांचे छापील कागद विकायचा तेव्हा ही रस्त्यावर ती गाणी गाऊन दाखवायची. 1947 मध्ये तिने 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर' ध्वनिमुद्रित केलं. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. हे गीत तेवढ्यात मावलं नाही, म्हणून अर्धं एका बाजूला आणि अर्धं दुसऱ्या बाजूला छापलं. लोकांना मधेच उठून तबकडी उलटायला लागायची, तरी तिच्या लाखो प्रती खपल्या. मी ऐकते तेव्हा दोन्ही भाग सलग लागतात, पण मधला तो सांधा कळतो. पहिला भाग संपताना ती थांबत नाही, दमही सोडत नाही. स्वर्गात गेल्यावर कोणाकोणाला भेटणार याची यादी तिला पुढे चालवायचीच असते.

पुढे मोठ्या कंपनीने तिच्या मागे व्हायोलिनांचा ताफा उभा केला. ती रेकॉर्डिंग अधिक स्वच्छ आहेत, पण मला ती कमी आवडतात. मिल्ड्रेड फॉल्स नावाची बाई वर्षानुवर्षं तिच्यासोबत पियानोला बसायची. महालिया ओळ कुठे लांबवेल, कुठे तोडेल, हे तिच्या बोटांना आधी कळायचं. व्हायोलिनवाल्यांच्या पुढ्यात कागद होता, आणि कागद कोणाची वाट पाहत नाही.

आता मुख्य मुद्दा. गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीयांना वाचायला शिकवणं अनेक राज्यांत गुन्हा होता. गीतांची पुस्तकं हातात नव्हती आणि असती तरी वाचणार कोण? मग एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलून, ओढून, घोळवून गायची, असा रिवाज पडला. पुढे पुस्तकं आली, शाळा आल्या, तरी रिवाज राहिला. गाणारा एकटा गातच नाही. तो अर्धी ओळ टाकतो आणि मंडळी ती पुरी करतात. मधे कोणी 'हो, प्रभू' म्हणतं, कोणी टाळी देतं, एखादी म्हातारी नुसती हुंकार भरते. बाबा, तुम्ही रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद उचलता, पहिली ओळ एकट्याने म्हणता आणि मग सगळं चर्च त्यात पडतं, तेव्हा याहून वेगळं काय होतं? टिळकांनी मुद्दाम ओवी-अभंगाच्या वाटेने पदं लिहिली, ती यासाठीच ना, की खेड्यातल्या निरक्षर मंडळींना ती पहिल्याच दिवशी तोंडात घेता यावीत. जुन्या रेकॉर्डमध्ये मला सापडतं ते हे उत्तर देणारं माणूस. हल्ली जुनी रेकॉर्डिंग साफ करून पुन्हा काढतात, तेव्हा खरखरीबरोबर कधीकधी तो हुंकारही जातो. मग राहतो एक सुरेल, एकटा आवाज. मला त्याचा राग येतो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा गायिका अरिथा फ्रँकलिन. 1972 साली ती कीर्तीच्या शिखरावर होती, हवा तो स्टुडिओ मिळाला असता. तिने भक्तिगीतांची रेकॉर्ड करायचं ठरवलं ती चर्चमध्येच, मंडळींसमोर. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातलं न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च. पूर्वी ते सिनेमा थिएटर होतं. जानेवारीच्या 13 आणि 14 तारखेला, दोन रात्री गाणं झालं. रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड सूत्रं सांभाळत होते आणि मागे सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर. त्यात 'अमेझिंग ग्रेस' जवळजवळ अकरा मिनिटं चालतं. एका शब्दावर ती इतका वेळ राहते की पुढचा शब्द येणार की नाही असं वाटावं. मंडळी तिला थांबू देत नाहीत. ओरडतात, धीर देतात, 'गा' म्हणतात. क्लीव्हलंड मधेच खाली बसून रुमालात तोंड घालून रडतात.

दुसऱ्या रात्री तिचे वडील आले, रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन. त्या रात्रीचं एक गीत तुम्ही दोघांनी ऐकावं अशी माझी फार इच्छा आहे. 'नेव्हर ग्रो ओल्ड'. जिथे आपण कधी म्हातारे होणार नाही अशा देशाचं ते गीत आहे. अरिथाने ते पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तेव्हा ती 14 वर्षांची होती, डेट्रॉइटमध्ये, वडिलांच्याच चर्चमध्ये. इथे ती 29 वर्षांची आहे, स्वतः पियानोवर बसून गाते आहे, घामाने डबडबलेली. वडील उठतात, जवळ येतात आणि तिचा चेहरा पुसतात. तिची बोटं थांबत नाहीत, गाणंही थांबत नाही. हे सगळं चित्रित झालं होतं, पण चित्र आणि आवाज जुळवायला लागणारी पाटी प्रत्येक वेळी लावायची राहून गेली, त्यामुळे तो चित्रपट रखडला. लोकांना पाहायला मिळाला 2018 मध्ये, अरिथा गेल्यानंतर. मी दोन्ही रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकते. चौदा वर्षांच्या मुलीचा आवाज थक्क करणारा आहे. पण दुसऱ्यात ती काय म्हणते आहे ते तिला कळलंय.

त्या दोन रात्रींनंतर पंधराच दिवसांत, 27 जानेवारीला, महालिया गेली. तिच्या अंत्यविधीला शिकागोत 'टेक माय हँड, प्रेशियस लॉर्ड' म्हणायला उभी राहिली ती अरिथाच.

बाबा, महालिया 1971 मध्ये आपल्याकडे येऊन गेली होती. कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि मुंबई. तुम्ही तेव्हा मुंबईत होता ना? कानावर आलं होतं का? पुढच्या फोनमध्ये नक्की सांगा.

आणि केसरबाई तुमच्या आवडत्या, म्हणून हे एक खास तुमच्यासाठी. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या अंतराळात पाठवल्या. त्यात केरीच्या आमच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, हे तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. त्याच्या लगेच पुढचं गाणं कोणतं आहे, माहीत आहे? ब्लाइंड विली जॉन्सनचं, 1927 मध्ये डॅलसला मुद्रित केलेलं. टेक्ससच्या रस्त्यांवर गाणारा हा अंध माणूस. त्याच्या गाण्याच्या मुळाशी गेथशेमाने बागेतल्या येशूच्या त्या रात्रीवरचं एक जुनं इंग्रजी स्तोत्र आहे, पण हा त्यातला एकही शब्द म्हणत नाही. नुसता कण्हतो, गुणगुणतो आणि गिटार त्याला उत्तर देते. आवाज घोगरा, फाटलेला. गळा तयार नाही असं कोणीही म्हणेल. 1945 मध्ये तो गरिबीतच मेला. तरी भैरवी संपली की त्याचा तो हुंकार सुरू होतो, आणि मला ती दोन्ही एकाच उपासनेतली वाटतात.

तर बाबा, आवाज राहिला नाही हे मला मान्य नाही. वरचा सा लागत नसेल, दम पुरत नसेल. त्यासाठी आई आहे. तुमचा दम जिथे संपतो तिथून ओळ उचलायची तिला इतक्या वर्षांची सवय आहे, आणि तिचं ते उचलणंच मला हवं आहे.

माझं मागणं असं. दर रविवारी दुपारी चहानंतर एक पद गा आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. कोणाच्या स्टुडिओत जायचं नाही. पुढच्या खोलीत, पेटी घेऊन, नेहमी बसता तसेच बसा. फोन पेटीवर ठेवू नका, भात्याचा आवाज फार येतो, समोर स्टुलावर ठेवा. पंखा तेवढा बंद करा. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणू नका, तिथूनच पुढे चला. मावशी आल्या असतील तर त्यांनाही बसवा. त्या बेसूर म्हणतात असं आई म्हणते, पण त्यांच्या टाळ्या पक्क्या असतात. सुरुवात टिळकांच्या पदांनी करा. मागून नाताळची घ्या, म्हणजे डिसेंबरपर्यंत माझ्याकडे जमतील.

आई, रक्तदाबाची गोळी सकाळीच घे, जेवणावर ढकलू नकोस. बाबांच्या डोळ्यांची तारीख काय मिळाली ते कळव, त्याप्रमाणे मी सुट्टी मागते.

तुमची लेक