रॅमची दुसरी पट्टी

सातारा,
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार. काल दोनदा फोन लावला, पण तू गावी, रेंज नाही. म्हणून हे लिहून पाठवतोय. घरी पोचलास की काकूंच्या ओव्यांची फाइल उघडू नकोस. आधीपासून उघडी असेल तर सेव्ह न करता बंद कर आणि कॉम्प्युटरही बंद ठेव. का, ते सगळं सांगतो.

दहा-बारा दिवसांपूर्वी तू विचारलंस, "विंडोज अकरा टाकू का?" आणि मी तुझ्यावर जवळजवळ खेकसलोच, "अजिबात हात लावू नकोस, माझं वाटोळं झालंय." ते मी चुकीचं सांगितलं.

झालं असं. विंडोज दहाचे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद होणार, आणि तोवर दिवाळी अंकाचं काम ऐन भरात असणार. म्हणून अनंत चतुर्दशीला गणपती बोळवले आणि दुसऱ्याच दिवशी, ७ तारखेला, अपग्रेड उरकून घेतलं. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. आई म्हणालीसुद्धा, "ग्रहणाच्या दिवशी कशाला नवीन काही सुरू करतोस?" अपग्रेड सुरळीत झालं. सोमवारी दुपारी अंकाचं सोळावं पान लावत असताना पडदा काळा झाला, दोन ओळींचा निरोप आला आणि मशीन आपोआप रिस्टार्ट. (पूर्वी हा पडदा निळा असायचा, आता काळा केलाय.) मंगळवारी तीनदा. बुधवारी तर नुसतं ब्राउझर उघडलं तरी.

आई ग्रहणाला दोष देत होती, मी अपग्रेडला. आज वाटतं, दोघांचा हिशेब एकच होता: आधी ते झालं, मग हे झालं, म्हणजे त्याच्यामुळेच झालं.

मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुझे दिवस वाचतील. प्रिंटर, स्कॅनर काढून ठेवले. सेफ मोडमध्ये जाऊन ग्राफिक्सचा ड्रायव्हर (मशीनचा तो भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) मुळासकट काढला, नवा टाकला. फरक शून्य. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, तर प्रत्येक रिस्टार्टला लाल खुणेसकट "कर्नल-पॉवर ४१". पॉवर शब्द वाचला आणि मी सरळ जाऊन नवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणला. अठराशे रुपये गेले. नंतर कळलं की त्या ४१चा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता बंद पडलं. का पडलं, हे तो सांगतच नाही. क्रॅश झाला की ती नोंद होणारच.

त्यानंतर कमांड प्रॉम्प्टवरून आधी डिझम आणि मग एसएफसी स्कॅन चालवला. खराब सिस्टिम फाइल सापडल्या, दुरुस्त झाल्या. जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी सहज पुन्हा स्कॅन लावला, तर पुन्हा खराब फाइल! काल दुरुस्त केलेली गोष्ट आज परत बिघडते म्हणजे बिघडवणारा अजून घरातच बसलाय, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. दुकानात विचारलं तर "फॉरमॅट मारून देतो" म्हणाले. जुन्या विंडोजवर परत जायची सोय अपग्रेडनंतर दहाच दिवस असते, त्यातले नऊ संपले होते. मी ते बटण दाबायला बसलोच होतो.

दाबण्याआधी म्हटलं, एकदा डंप तर बघू. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडम्प नावाचं फोल्डर असतं, दर क्रॅशची एक छोटी फाइल तिथे पडते. ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं फुकटचं ॲप त्या वाचून दाखवतं. अकरा क्रॅश होते. एकदा "मेमरी मॅनेजमेंट", एकदा "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया", एकदा "आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल". ड्रायव्हरचं नावही दर वेळी वेगळं: कधी नेटवर्कचा, कधी ग्राफिक्सचा, कधी विंडोजचा स्वतःचा गाभा. एखादा ड्रायव्हर बिघडला असता तर बहुतेक वेळा तोच तो सापडला असता. इथे सगळेच पाळीपाळीने पडत होते. म्हणजे सगळे ज्या जमिनीवर उभे आहेत ती जमीनच खचलेली.

रात्री पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ घेतलं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमवरून मशीन चालू होऊ न देणारं कुलूप, तात्पुरतं बंद केलं आणि त्यावरून मशीन चालू केलं. हे विंडोज उघडतच नाही, थेट रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरीची पट्टी, तपासतं: एक आकडा लिहितं, परत वाचतं, जुळतो का बघतं. मी चहा ठेवून आलो तोवर लाल ओळी सुरू झाल्या होत्या. लिहिलेला आकडा आणि वाचलेला आकडा शेजारीशेजारी, आणि दोघांत फरक एकाच बिटाचा, म्हणजे एकाच शून्य-एकचा. पुढच्या ओळीतही तोच बिट.

मग कॅबिनेट उघडलं. दोन्ही पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या, परत लावल्या. लाल ओळी तशाच. मग एकेक पट्टी वेगळी तपासली, स्लॉट बदलूनही तपासली. मशीनबरोबर आलेली जुनी आठ जीबीची पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये स्वच्छ. दुसरी दोन्हीकडे नापास. दिगू, ही दुसरी म्हणजे गेल्या वर्षी आपण जुन्या मशीनमधून निघालेली जोडी विकत घेतली होती ना, त्यातली एक. जोडीतली दुसरी मी तुला कुरिअरने पाठवली होती.

अपग्रेडआधी वर्षभर ती माझ्या मशीनमध्ये होतीच. मग तेव्हा काही झालं नाही का? झालं होतं. एक पीडीएफ उघडेना, एकदा झिप फुटली, एकदा मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. मी विजेला बोल लावून मोकळा झालो. खराब जागा बहुधा रिकामी पडून असायची. नव्या विंडोजची मेमरीची मांडणी वेगळी, भूकही जास्त, त्यामुळे तिच्यावर आता रोजच पाय पडायला लागला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. क्रॅश दिसतो तरी. पट्टीने न दिसता जे केलं, त्याने माझी झोप उडाली. अंकातल्या एका कथेचा मी मंगळवारी प्रूफ काढला होता, त्यात छापलंय "पान उलटलं". गुरुवारी त्या फाइलमध्ये फक्त एक चित्र टाकलं आणि सेव्ह केलं. शनिवारी बघतो तर "फान उलटलं". त्या ओळीला कुणी हात लावलेला नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरक्रमांकांच्या यादीत, "प"चा क्रमांक २३४६, "फ"चा २३४७. एक बिट उलटला की पानाचं फान. तसंच "ल" २३५४ आणि "ळ" २३५५. "काल"चा "काळ" व्हायला एवढंच पुरतं, आणि तो शब्द कुठलाही तपासनीस चुकीचा म्हणणार नाही.

माझं निभावेल, माझ्याकडे छापील प्रूफ आहेत, ओळ न् ओळ ताडून बघतोय. काकूंच्या ओव्यांचं तसं नाही. त्यांच्या बोलीतला "ल" कुठे आणि "ळ" कुठे, हे त्याच सांगू शकल्या असत्या. वहीची शाई उडत चालली म्हणून तर तू टायपिंगला घेतलंस.

म्हणून आधी मेमटेस्ट लाव, रात्रभर चालू दे, निदान चार पास (पूर्ण फेऱ्या). एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी काढून ठेव, कितीही कमी चुका दिसोत. सिक्युअर बूट नंतर आठवणीने चालू कर. हार्डडिस्कची कॉपी त्या मशीनवर करू नकोस, कॉपी करतानाही अक्षरं त्याच रॅममधून जातात. तू पट्टी बसवण्याआधी पेनड्राइव्हवर घेतलेली प्रत माझ्या कपाटात आहे, जपून ठेवली आहे. आजची फाइल तिच्याशी वर्डमधल्या कम्पेअरने ताडू, आणि त्यानंतर टाइप केलेलं सगळं वहीशी. दसऱ्याला, २ तारखेला मी नाशिकला येतो. तू वाचून दाखव, मी पडद्यावर बघतो.

विंडोज अकराची घाई नाही. नाव नोंदवलं तर दहाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. माझं अकरा गेला आठवडा एका पट्टीवर, आठ जीबीत, एकदाही न पडता चाललंय.

पोचलास की रात्र असली तरी फोन कर. वहिनींना नमस्कार, पिल्लूला आशीर्वाद. आणि वही उघड्यावर ठेवू नकोस, ओल येते तुमच्या त्या खोलीत.

तुझा,
वसंता