मोटी दमणच्या तटाला सिमेंट फासणे थांबवा : मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

दमणगंगेच्या मुखाशी असलेल्या मोटी दमणच्या तटबंदीबद्दल हे पत्र आहे. पावसाळ्याआधी तटावरचे वड-पिंपळ मुळासकट काढू आणि दगडांच्या दरजा, म्हणजे सांध्यांच्या फटी, चुन्यानेच भरू, असा शब्द संबंधित अधिकाऱ्यांनी बैठकीत दिला होता. प्रत्यक्षात ठेकेदाराची माणसे आली, झाडे बुंध्याशी छाटली, वरून सिमेंट थापले, फोटो काढले आणि गेली. पावसाने जोर धरला तशी त्या सिमेंटच्या कडेने नवी पालवी फुटली. मूळ आत जिवंत असताना दुसरे काय होणार होते?

आपल्याकडे दमणचे नाव निघाले की दारू आणि देवका-जामपोरचा किनारा, एवढेच बोलले जाते. म्हणून आधी हे सांगणे भाग आहे की मोटी दमण म्हणजे नुसता किल्ला नव्हे, ते आखून वसवलेले नगर आहे. १५५९ मध्ये पोर्तुगीजांनी दमण घेतले आणि पुढच्या काही दशकांत दहा बुरुजांच्या तटाआड सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे गाव उभे केले. एक दरवाजा नदीकडे, दुसरा जमिनीकडे. जमिनीच्या बाजूला खंदक. तटाच्या कामात जोव्हान्नी बातिस्ता कैराती या मिलानच्या स्थापत्यकाराचा हात होता. केनियातल्या मोंबासाचा फोर्ट जीझस हा किल्ला त्यानेच आखला, आणि तो २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दमणचा तट मात्र छाटणी-थापणीच्या कंत्राटात!

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत आटला. दमण मात्र त्यांच्याकडेच राहिले, म्हणून इथली आखणी पडझडीतून वाचली. वसईत आज मोडक्या भिंतींवरून रस्ते ओळखावे लागतात. मोटी दमणच्या तटाआड लोक आजही त्याच रस्त्यांवरून ये-जा करतात. १६०३ चे बॉम जीझस चर्च, रोझरी चॅपेलमधले लाकडी कोरीवकाम, डॉमिनिकन मठाचे अवशेष आणि नदीपलीकडे नानी दमणला १६१४ मध्ये सुरू होऊन १६७२ मध्ये पुरा झालेला सेंट जेरोमचा किल्ला, हे सगळे एकाच आखणीच्या संदर्भात पाहायचे असते. चर्चला रंग द्यायचा आणि तट ढासळू द्यायचा, याला जतन म्हणत नाहीत.

आता सिमेंटने नेमके काय बिघडते ते सांगतो, कारण अंदाजपत्रकावर सह्या करणाऱ्यांना ते कोणी सांगितलेले दिसत नाही. खाडीकाठची भिंत कायम ओल धरते. चुन्याची दरज ती ओल बाहेर सोडते आणि स्वतः झिजते, दगड वाचतो. सिमेंटची दरज ओल अडवते. मग पाणी दगडातून वाट काढते, सोबतचे खारे क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठून स्फटिक होतात आणि दगडाच्या खपल्या उडू लागतात. सिमेंट टिकते, दगड जातो. काही वर्षांनी जाळीसारखे सिमेंट पुढे आलेले आणि दगड आत खाल्लेले, अशी भिंत दिसते.

योग्य काम अवघड नाही, सावकाश मात्र आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून, जाळीतून गाळून किमान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरवायचा. न विरलेला खडा राहिला तर तो नंतर भिंतीत फुलतो आणि माल उडवतो. दरज हाताच्या छिन्नीने, रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत मोकळी करायची, ग्राइंडर लावायचा नाही, कारण त्याने दगडाच्या कडा जातात. मग धुऊन, दगड ओला करून एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी) आणि दोन भाग धुतलेली वाळू असा माल थराथराने दाबून भरायचा. प्रमाण आधी भिंतीच्या छोट्या तुकड्यावर करून पाहायचे. वाळू खाडीची चालणार नाही. भरल्यावर दोन आठवडे ओली पोती लावून ठेवायची. नेमके हेच कोणी करत नाही, कारण पोती ओली ठेवणाऱ्या माणसाची मजुरी अंदाजपत्रकात नसते.

झाडांचेही तसेच. बुंधा ओढून काढला तर भिंत उसवते. नुसता छाटला तर पुढच्या पावसात दुप्पट फुटवे येतात. छाटल्याबरोबर बुंध्याला भोके पाडून मारक द्रव्य भरायचे, मूळ पुरते सुकू द्यायचे, मग दगडांना क्रमांक घालून ते उतरवायचे, मूळ काढायचे आणि दगड त्याच जागी बसवायचे. आतली पोकळी पातळ चुन्याने खालून वर भरत यायची. आणि सगळ्यात आधी फांजीचा, म्हणजे तटावरच्या चालवाटेचा, उतार व पाणी जाण्याची छिद्रे मोकळी करायची. बुरूज फुगतो तो बहुधा वरून मुरलेल्या पाण्याने. पोटातली माती पाणी पिते आणि दगडी तोंड बाहेर ढकलते.

हे सगळे माहीत असलेले गवंडी अजून आहेत. त्यांच्याकडे निविदा भरण्यापुरती उलाढाल नाही, म्हणून ते बाहेर, आणि गटारे बांधणारा ठेकेदार चार शतकांच्या तटावर. ही पद्धत कोणी ठरवली, आणि ती बदलायला कोणाची सही लागते?

सरहद्दीवरच्या गावाचे दुखणेच हे आहे की त्याला धनी बदलत राहतात. १९६१ च्या डिसेंबरमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने दमण मुक्त केले. मग ते गोव्याबरोबर, १९८७ पासून दीवबरोबर, २०२० पासून दादरा-नगर हवेलीशी जोडलेले. दर वेळी कार्यालये हलतात, फायली मागे राहतात, जबाबदारी कुणाचीच उरत नाही. नदीची तीच गत. ती उगम पावते आमच्या नाशिक जिल्ह्याच्या डोंगरात, मधुबन धरणात अडते, वापीच्या कारखान्यांजवळून जाते आणि या तटाच्या पायाशी पोहोचते. तीन प्रशासने, एक नदी, आणि तिच्या पाण्याचा जाब विचारायला कोणी नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये याच नदीवरचा, नानी आणि मोटी दमण जोडणारा पूल कोसळला आणि शाळकरी मुले गेली. त्यानंतरही देखभालीचा खर्च वाचवण्याची सवय मोडत नसेल, तर नागरिकांनी आणखी काय गमवायचे?

मागण्या साध्या आहेत. सिमेंटचे काम आजच थांबवा. थापलेले सिमेंट काढण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या, घाईने फोडाल तर दगडही निघतील. कामाचे अंदाजपत्रक, मालाचे प्रमाण आणि ठेकेदाराचे नाव दोन्ही दरवाजांवर गुजराती, मराठी आणि हिंदीत लावा. नगराचा मूळ नकाशाही तिथेच लावा. निविदेत उलाढालीऐवजी चुनाकामाचा अनुभव मागा. चुना मुरायला वेळ लागतो, म्हणून मालाची खरेदी सप्टेंबरमध्येच व्हायला हवी. तरच नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कामाचे महिने हाती लागतील.

कळावे,
जुन्या बांधकामांच्या चुनाकामात असलेले काही नागरिक