अळवावरचे पाणी आणि कांद्यावरची फवारणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की ‘अळवाचे पान गुळगुळीत असते म्हणून त्यावर पाणी ठरत नाही’ असे कुठे ना कुठे छापून येते. खरा प्रकार उलटा आहे. पानाचा एक कोपरा अंगठ्याने दोन-तीनदा दाबून घासा आणि वर पाणी टाका. घासलेल्या जागी ते पसरून चिकटते, शेजारी मात्र मोत्यासारखे घरंगळते. गुळगुळीतपणा हे कारण असते, तर घासल्यावर पाणी आणखी सटकायला हवे होते!

कमळाच्या व अळवाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे आणखी बारीक कण. थेंब फक्त टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. कमळावर थेंबाचा स्पर्शकोन (थेंबाची कड पानाशी करते तो कोन) १५० अंशांच्या वर जातो, म्हणजे थेंब जवळजवळ गोल राहतो. घरंगळताना तो धूळही उचलून नेतो. जर्मनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट व नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये हे सविस्तर मांडले.

कांद्याच्या पातीवर अळवासारखे उंचवटे नसले, तरी बोटाला लागणारी ती निळसर राखाडी भुकटी मेणाचीच. त्यात पात उभी आणि गोल, म्हणून साध्या पाण्यातले औषध थेंब होऊन ओघळते आणि पातीच्या बेचक्यात दडलेले फुलकिडे (पातीचा रस शोषणारे बारीक किडे) वाचतात. औषध ‘लागू पडत नाही’ म्हणून मात्रा वाढवली जाते. कमी असतो तो थेंब पसरवणारा घटक. दुकानात सगळ्यालाच स्टिकर म्हणतात, पण चिकटवणारे वेगळे आणि पसरवणारे वेगळे. कांद्याला पसरवणारे हवे. सिलिकॉनयुक्त असेल तर साधारण अर्धा मिली प्रति लिटर, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७ ते ८ मिली. बाटलीवर वेगळे प्रमाण असेल तर तेच पाळावे. ते शेवटी टाकून हलक्या हाताने ढवळावे, नाहीतर पंपात नुसता फेस.

धुण्याची पावडर मात्र नकोच. तिच्या क्षारामुळे काही कीटकनाशके पंपातच निकामी होऊ लागतात. शिवाय मेण उतरले की पात जास्त वेळ ओली राहते, आणि करप्याच्या (पात वाळवणाऱ्या रोगाच्या) बुरशीला तेवढेच हवे असते.

फवारणीआधी एक पात तयार द्रावणात बुडवून उभी धरा. थेंब सुटे राहिले तर पसरवणारे कमी पडले. पातळ, सलग ओल दिसली तर बरोबर. पंप मारताना शेंड्यापासून धार लागून बुडाशी पाणी साचत असेल, तर पसरवणारे जास्त झाले किंवा पाणी जास्त मारले जात आहे. औषध मातीत चालले आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक