कालनिर्णयावरच्या फुल्या

नागपूर
रविवार, १७ मे २०२६

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

पत्र पाहून घाबरू नका. मी ठणठणीत आहे, घर जागेवर आहे, तुळशीला दोन्ही वेळा पाणी घालते. कूलरचा पंप गेला होता, नवा बसवला. बाबा, ताट्या यंदा मीच बदलल्या, पण तुमच्यासारख्या बसल्या नाहीत. डावीकडून पाणी ठिबकून राहिलं आहे, खाली परात ठेवली आहे आणि रात्री तो टपटप आवाज ऐकत झोपते. नवतपा अजून लागायचा आहे, तरी दुपारी बारानंतर आपल्या गल्लीत चिटपाखरू दिसत नाही.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण बाबा फोन स्पीकरवर ठेवतात, मधूनच लहानीच्या घरचा टीव्ही बोलतो, आणि आई, तू "जेवली का" विचारलंस की मी "हो" म्हणते आणि बोलायचं ते राहून जातं. महिनाभर असंच चाललं आहे. शिवाय तुम्ही जूनमध्ये परत याल तेव्हा स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघाल. १ एप्रिलपासून रोजच्या चौकोनात फुली आहे. आई, तू ते दुधाचे खाडे समजशील आणि सकाळी सकाळी दूधवाल्याशी भांडायला उभी राहशील. त्या बिचाऱ्याने एकही खाडा केलेला नाही. फुल्या माझ्या आहेत.

मी नोकरी सोडली आहे. ३१ मार्चला वर्षअखेरीचं काम उरकलं आणि संध्याकाळी राजीनामा दिला. तीन महिन्यांची नोटीस आहे, म्हणजे ३० जून, मंगळवार, हा माझा शेवटचा दिवस. ९१ दिवसांपैकी आज ४७ फुल्या झाल्या, ४४ राहिले. रविवार सोडले तर कामाचे ३८.

दुसरी नोकरी धरलेली नाही. धरणारही नाही.

आई, "काय करून बसली ही पोट्टी!" हे मला इथे ऐकू आलं. बाबा काही बोलणार नाहीत हेही माहीत आहे. चष्मा काढून पुसतील, पुन्हा लावतील आणि पत्र पहिल्यापासून वाचतील. म्हणून बाबांसाठी आधी हिशोब मांडते, कारण जमा-नावे मला तुम्हीच शिकवलं. इतवारीच्या त्या ठोक किराणा दुकानातल्या लाल वह्या तुम्ही रविवारी घरी आणायचे, आणि रोजमेळावरून खतावणी मी करायची. "आकडा खोटं बोलत नाही, माणूस आकड्याला खोटं बोलायला लावतो," म्हणायचे तुम्ही.

तर घर आपलं आहे, भाडं नाही, कर्ज नाही. आपल्या तिघांचा खर्च, औषधं धरून, महिन्याला ३५ हजारांत बसतो. तीन वर्षं पै-पै लिहून काढला आहे. म्हणजे वर्षाचे ४ लाख २० हजार. अमेरिकेत विल्यम बेंगेन नावाच्या एका आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून हिशोब मांडला होता. पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवत चला, तर तीस वर्षं पैसा पुरतो. त्याचा उलटा अर्थ, वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमवा. पण ती तीस वर्षं साठीला निवृत्त होणाऱ्याची, आणि आकडे तिथले. मी पन्नासची, आणि आपल्याकडे तुरीच्या डाळीचा भाव कुठून कुठे गेला ते आईला विचारा. म्हणून मी पस्तीस पट धरले. १ कोटी ४७ लाख.

पीएफचे ५८, म्युच्युअल फंडाचे ५२, पीपीएफचे २४, मुदत ठेवी १४. एक कोटी अठ्ठेचाळीस. लग्न केलं नाही त्याबद्दल आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्याचा एवढा तरी उपयोग झाला. ग्रॅच्युइटी यात धरलेली नाही. बेसिक साठ हजार, वर्षं अठ्ठावीस, पंधरा भागिले सव्वीसने ९ लाख ६९ हजार होतात. त्यात उरलेल्या रजेचे पैसे घालून बाराएक लाखांची वेगळी ठेव करणार आहे. तिच्या पावतीवर पेन्सिलीने "दवाखाना" लिहायचं आणि दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. पीएफची पेन्शन पन्नाशीनंतर मागता येते, पण अठ्ठावन्नच्या आत घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात, म्हणून थांबणार. तेव्हाही ती चार हजारांच्या घरातच असेल. दुधाचं बिल निघेल.

कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघं आहात, तो ३० जूनला संपेल. बाबा तिथेच अडतील. मागच्या हिवाळ्यात तुमची आधार कार्डं घेऊन मी तुम्हाला आयुष्मान वय वंदना कार्ड काढायला नेलं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात, आपण काय गरीब आहोत का. सत्तरीच्या पुढच्या कोणालाही ते मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत. दोघांत मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, मात्र त्यांच्या यादीतल्या दवाखान्यातच. रांगेत उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात हाच जूनचा महिना होता. तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच. माझी स्वतःची पॉलिसीही वेगळी घेतली आहे. सप्टेंबरपासून तिच्यावरचा जीएसटी गेला, तेवढं बरं झालं.

हिशोब संपला. आता जे हिशोबात येत नाही ते.

मला कोणी त्रास दिलेला नाही. साहेब चांगले आहेत, पगार वेळेवर होतो, खुर्चीला नवी गादी आहे. पण नऊ वर्षं माझा महिना चार खुंट्यांवर टांगलेला आहे. सातला कापलेला कर म्हणजे टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीचं विक्रीचं विवरण जीएसटीआर-१, पंधराला पीएफ, वीसला जीएसटी भरायचं विवरण ३बी. वीस झाली की पुढची सात दिसायला लागते. बाबांच्या मोतीबिंदूसाठी डॉक्टरांनी १९ तारीख दिली होती आणि मी फोन करून २२ मागून घेतली. तुम्ही म्हणालात, "डोळा काय पळून चालला?" हसून म्हणालात. मी वीसच्या रात्री पोर्टल लटकलेलं असताना त्या हसण्याचा विचार करत बसले होते. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला, आणि माझा पहिला मोकळा दिवसही १ जुलैच. हे मी ठरवून केलेलं नाही. राजीनाम्यावर तारीख टाकताना लक्षात आलं, आणि रिकाम्या ऑफिसात एकटीच हसले.

ऑफिसात कोणाचा विश्वास बसत नाही. "मॅडम, कुठे जॉइन करताय, आम्हाला तरी सांगा." माझ्या जागी येणारी पोट्टी सव्वीस वर्षांची आहे, टॅलीवर तिची बोटं माझ्या दुप्पट वेगाने चालतात. तिने मोबाईलवर दाखवलं की अशी लवकर निवृत्ती घेणाऱ्यांना इंग्रजीत फायर म्हणतात. फायनान्शियल इंडिपेन्डन्स, रिटायर अर्ली. मी म्हटलं, अगं, आमच्या घरात फायर या शब्दाचा एकच अर्थ आहे, साहेबाने काढून टाकलं. तिला ते विनोद वाटलं.

मला वाटलं नाही, कारण मला १९९० आठवलं.

बाबा, याबद्दल आपण कधी बोललो नाही. गिरणी बंद झाली तेव्हा तुम्ही चव्वेचाळीसचे, मी चौदाची. तुम्ही घरात काही सांगितलं नाही, आईनेही नाही. मला ते कालनिर्णयावरून कळलं. दुधाचा हिशोब माझ्याकडे होता. एक लिटर रोज, आला नाही त्या दिवशी चौकोनात फुली, महिनाअखेर गुणाकार. त्या पावसाळ्यात आठवड्याला चार-चार फुल्या यायला लागल्या. आई, तू म्हणायचीस, दूधवाल्याची म्हैस आटली. मग लिटरचं अर्धं झालं, अर्ध्याचं पाव. एका सकाळी मी लवकर उठले आणि दूधवाला दारातून भरलेल्या कॅनसकट परत जाताना पाहिला. तू त्याला हाताने नको म्हणत होतीस. मी पुन्हा पांघरुणात शिरले. त्या महिन्याचा गुणाकार मी बरोबर केला आणि तुला दाखवला. तू "शाब्बास" म्हणालीस.

पाळीचा भोंगा बंद झाला होता तरी बाबा त्याच वेळेला उठायचे. दाढी करायचे, आणि मग काय करायचं ते न कळून कपात ब्रश धुत राहायचे. पैसे मिळाले ते किती वर्षांनी आणि किती तुकड्यांनी, ते तुमच्या वहीत आहे. गल्लीत सगळे म्हणायचे, "हिच्या बाबांची नोकरी सुटली." जसा हातातून पेला सुटतो. सुटणाऱ्याची चूक असल्यासारखं.

त्या पांघरुणात मी ठरवलं होतं की माझी नोकरी कधी सुटू द्यायची नाही. १९९८ च्या जूनपासून दिली नाही. तापात गेले, आजी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी गेले. तुम्हाला त्याचा अभिमान होता, मला माहीत आहे. पण खरं सांगू का, त्यात कर्तबगारी कमी आणि भीती जास्त होती. आता पुंजी पस्तीस पट झाली, भीती मात्र तेवढीच राहिली. मग कळलं की ती पैशाने जाणारी नाही.

तुम्हाला वाटेल, मोठी फार निश्चिंत झाली. तसं नाही. सुरुवातीच्या फुल्या ऑफिसच्या लाल पेनाने मारल्या आहेत, चांगल्या जाड. १० मेपासूनच्या पेन्सिलीने आहेत. का, ते नीट सांगता येत नाही. खोडता याव्यात म्हणून असेल. फेब्रुवारीत आठवडाभर रजा घेऊन रंगीत तालीम केली होती, तुम्हाला म्हटलं होतं कंबर दुखते. सोमवारी माळा आवरला, मंगळवारी गोकुळपेठ मार्केटात तासभर उगाच हिंडले आणि दोन जुड्या सांबार घेऊन आले, बुधवारी दुपारी झोपले. गुरुवारी ऑफिसची मेल उघडून बसले होते. त्यामुळे १ जुलैला मी काय करीन ते विचारू नका. फुटाळा तलावावर फिरायला जाईन म्हणते, पण पावसात तिथे किती गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे.

आजपासून अधिक महिना लागला. लहानीला सांगा, जावयाचं धोंड्याचं वाण तिथेच उरकून घेऊ, तेहतीस अनारसे इथून पार्सलने पाठवण्याची माझी हिंमत नाही. जावयाच्या घरी इतके दिवस राहायचं बाबांना जड जातं हेही कळतं. जन्मभर एका मुलीजवळ राहतात आणि दुसरीकडे महिना झाला की संकोच, हे कोणतं शास्त्र आहे देव जाणे. विदर्भ एक्सप्रेसने २० जूनला इथे पोचाल असं तिकीट काढलं आहे, दोन्ही खालचे बर्थ मिळाले. स्टेशनवर मी येईन. शनिवार असला तरी येईन. वीस तारीख असली तरी येईन.

परवानगी मागत नाही, ती वेळ ३१ मार्चला गेली. रागवायचं असेल तर रागवा, पण समोरासमोर. फक्त एक करा. शेजारच्या काकू विचारतील, देवळात विचारतील, बाबांचे गिरणीतले मित्र विचारतील. आई, तू गडबडीत "मोठीची नोकरी सुटली" म्हणून जाशील. तसं म्हणू नकोस. "सोडली" म्हण. आणि बाबा, जमलं तर हे तुम्हीच सांगा.

बाबांच्या गोळ्या २५ मेपर्यंत पुरतील, पुढच्या लहानीच्या पत्त्यावर मागवल्या आहेत. रात्रीची अर्धीच घ्यायची. परातीतलं पाणी रोज झाडांना घालते. दूधवाल्याला १ जुलैपासून लिटरच्या जागी दीड लिटर सांगून ठेवलं आहे.

तुमची,
मोठी