काउंटीची नोंद पुसण्याआधी नक्कल घ्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी मराठी वृत्तपत्रांत विद्यापीठे, शिष्यवृत्त्या आणि शैक्षणिक कर्जे यांविषयी भरपूर छापून येते. परंतु तिथे एखाद्या मुलाला अटक झाली तर पुढे काय होते, हा विषय आपल्या घरांत टाळला जातो तसाच छापील पानांवरही टाळला जातो. मी टेक्सासमधील कॉलिन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बरीच वर्षे राहतो. अटकेची नोंद पुसून घेण्याच्या घाईत शहाणी मुलेही एक चूक करतात, ती पालकांच्या कानावर घालावी म्हणून हे पत्र.

टेक्सासमध्ये 254 काउंट्या आहेत. तिथला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, लोकांनी निवडून दिलेला असतो आणि न्यायालयाचे दप्तर सांभाळणारा क्लार्कसुद्धा निवडून आलेला असतो. अटक झाली की नाव, आरोप आणि तारीख ही सार्वजनिक माहिती ठरते. अनेक काउंट्या ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात, त्यामुळे सांगलीत बसलेल्या नातेवाइकालाही ती मोबाइलवर दिसू शकते. आरोप पुढे मागे घेतला गेला तरी नोंद आपोआप जात नाही. अशा नोंदी आणि छायाचित्रे उचलून आपल्या संकेतस्थळांवर टाकायची आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागायचे, असा एक धंदाच उभा राहिला होता. टेक्सासने 2013 मध्ये कायदा करून त्याला लगाम घातला. न्यायालयांत विखुरलेले कागद आणि संगणकात एकत्र केलेली जंत्री यांत खासगीपणाच्या दृष्टीने मोठा फरक आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच मान्य केले होते, पण तो निकाल एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेकडील नोंदींपुरता होता आणि काउंट्यांचा कारभार राज्याच्या कायद्याने चालतो.

नोंद पुसण्यासाठी टेक्सासमध्ये ‘एक्सपंक्शन’ची तरतूद आहे. अटक झाली पण आरोपपत्रच दाखल झाले नाही, तर सर्वांत हलक्या, म्हणजे ‘क्लास सी’ गुन्ह्यासाठी अटकेपासून 180 दिवस, त्यावरच्या दोन वर्गांसाठी एक वर्ष आणि गंभीर गुन्ह्यासाठी तीन वर्षे थांबून अर्ज करता येतो. 100 डॉलरहून कमी किमतीची दुकानातील चोरी ‘क्लास सी’त मोडते, आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची प्रकरणे बहुधा याच जातीची असतात (बिल न केलेली वस्तू पिशवीत राहिली, एवढेही निमित्त पुरते). अर्जात पोलीस, शेरीफ, क्लार्क, सरकारी वकील, राज्याचा सार्वजनिक सुरक्षा विभाग अशा ज्या ज्या कार्यालयांकडे नोंद असेल त्या प्रत्येकाचे नाव घालावे लागते, कारण जे नाव राहून गेले तिथली नोंद राहून जाण्याचा धोका असतो. काउंटी कोणती हेही नीट पाहावे लागते. आमच्या शेजारचे फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलेले आहे, म्हणजे दुकान कोणत्या हद्दीत होते यावर न्यायालय मॅकिनीचे (हे कॉलिनचे मुख्य ठिकाण) की डेंटनचे हे ठरते. नोंद शोधताना जन्मतारीखही जपून लिहावी. आपण 7/11 लिहितो तेव्हा आपल्या मनात नोव्हेंबर असतो, तिथला कारकून मात्र जुलै वाचतो, आणि पाटील किंवा जोशी या आडनावाच्या माणसाला एवढा घोळ पुरेसा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एक्सपंक्शन मिळाल्यावर अटक झालीच नव्हती असे सांगण्याची मुभा टेक्सासचा कायदा देतो, पण केंद्र सरकारचे इमिग्रेशन खाते ती मुभा मानत नाही. व्हिसाच्या डीएस-160 अर्जात, माफी किंवा तत्सम सवलत मिळाली असली तरीही कधी अटक झाली होती का, असे स्पष्ट विचारलेले असते, आणि नागरिकत्वाच्या एन-400 अर्जातही पुसलेल्या नोंदी सांगाव्याच लागतात. आमच्या परिचयातील एका मुलाने विश्वासाने नोंद पुसून घेतली आणि पुढे व्हिसासाठी मुंबईला गेल्यावर ‘होय’ असे खरे उत्तर दिले. अधिकाऱ्याने न्यायालयाच्या निकालाची सहीशिक्क्याची नक्कल मागितली. मुलाने काउंटीला विचारले, तेव्हा उत्तर आले की अशी केसच आमच्याकडे नाही. काउंटीने कायदा चोख पाळला होता, आणि नेमके त्यामुळेच आपल्यावरचा आरोप रद्द झाला होता हे सिद्ध करणे त्या मुलाला अवघड झाले. त्याचे पुढचे कित्येक महिने वकिलाच्या जुन्या फायलींतून कागद शोधण्यात गेले.

म्हणून पुसण्याचा अर्ज करण्यापूर्वी तक्रार, अंतिम निकाल आणि आरोप रद्द केल्याचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती क्लार्ककडून घ्याव्यात, आणि एक्सपंक्शनचा आदेश मिळाला की तोही त्यांच्यासोबत जपून ठेवावा.

दुसरा खड्डा ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’चा आहे. गुन्हा कबूल करा, काही काळ नीट वागा, म्हणजे शिक्षेची नोंद होणार नाही, असा हा सौदा ऐकायला गोड वाटतो. परंतु ‘क्लास सी’च्या वरच्या गुन्ह्यात असा सौदा केला तर टेक्सासमध्ये सहसा एक्सपंक्शन मिळत नाही, फार तर नोंद लोकांपासून झाकणारा ‘नॉनडिस्क्लोजर’ आदेश मिळतो. आणि 1996 पासूनच्या केंद्रीय कायद्यानुसार, कबुलीबरोबर न्यायालयाने काही बंधन घातले असेल तर इमिग्रेशनच्या दृष्टीने ती दोषसिद्धीच ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पॅडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात, फौजदारी वकिलाने परदेशी अशिलाला कबुलीचे इमिग्रेशनवरील परिणाम सांगितलेच पाहिजेत, असा निकाल दिला. तरीही मुलांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा, कारण न्यायालयाच्या व्हरांड्यात पाच मिनिटांत सौदे ठरतात.

ही भीती पोकळ नाही. 2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये एफबीआयच्या माहितीसाठ्याशी नावे जुळवून हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या इमिग्रेशन खात्याकडील विद्यार्थी-नोंदी रद्द करण्यात आल्या. त्यांत आरोप मागे घेतले गेलेले विद्यार्थीही होते आणि भारतीयही पुष्कळ होते. एकामागून एक दावे दाखल झाल्यावर एप्रिलअखेर सरकारने नोंदी पूर्ववत करायला सुरुवात केली. आपल्या निर्दोषपणाचा कागद ज्यांच्या हाताशी होता, त्यांना वकिलाकडे धाव घेणे त्यातल्या त्यात सोपे गेले असणार.

फौजदारी आणि इमिग्रेशन ही दोन्ही कामे जाणणाऱ्या एखाद्या वकिलाकडून या विषयावर मराठीत सविस्तर लेख लिहवून घेऊन, मुले ऑगस्टमध्ये विमानात बसण्याआधी तो छापावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
प्लेनो, टेक्सास